विंडोज ११ इन्स्टॉल होताना मध्येच अडले, तर

घरच्या संगणकावर विंडोज नव्याने टाकताना पडद्यावर एरर उमटला की हात आधी मोबाईलकडे जातो, एररचा क्रमांक शोधला जातो आणि सर्वांत वर दिसलेला उपाय लगेच करून पाहिला जातो. हा क्रमांक निरुपयोगी नसतो, पण बऱ्याचदा तो ‘फाईल वाचता आली नाही’ एवढेच सांगतो. दोष पेन ड्राइव्हचा, डिस्कचा की रॅमचा, याबद्दल तो गप्प राहतो. काम नेमके कोणत्या टप्प्यावर अडले, हे नीट पाहिले तर संशयितांची यादी निम्म्याहून कमी होते, असा माझा अनुभव आहे. म्हणून हा लेख एररच्या क्रमांकांनुसार न मांडता टप्प्यांनुसार मांडला आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि त्यानंतर घरोघरी विंडोज ११ टाकण्याची लगबग सुरू झाली. त्यामुळे येथील उदाहरणे विंडोज ११ कोऱ्या डिस्कवर, पेन ड्राइव्हच्या साहाय्याने टाकण्याची आहेत. जुन्या विंडोजवरच अपग्रेड करताना येणाऱ्या अडचणी थोड्या वेगळ्या असल्याने त्यांचा विचार शेवटी केला आहे. पडद्यावरचे संदेश, आज्ञा आणि एररचे क्रमांक प्रत्यक्षात इंग्रजी लिपीत दिसतात. येथे ते देवनागरीत दिले आहेत.

हात घालण्यापूर्वी

पहिली गोष्ट म्हणजे डिस्कवरील फोटो, कागदपत्रे आणि हिशेबाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, आणि ‘दुसरीकडे’ म्हणजे त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हमध्ये नव्हे. पुढे पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, पुसण्याची वेळ आली तर सी आणि डी एकाच डिस्कवर असतात, ही साधी गोष्ट घाईत हमखास विसरली जाते. दुसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची. अनेक लॅपटॉपमध्ये डिस्कचे कूटबंधन (एन्क्रिप्शन) मालकाच्या नकळत चालू असते आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, काही बदल केले की जुने विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ही की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी.

लॅपटॉप चार्जरवर असावा आणि डेस्कटॉपला यूपीएस किंवा इन्व्हर्टर जोडलेला असावा, कारण फाइली उतरत असताना लाईट गेली तर पुढे येणाऱ्या एररचे कारण शोधण्यात अर्धा दिवस जातो. प्रिंटर, वेबकॅम, बाहेरची हार्ड डिस्क असे जे जे यूएसबीला जोडलेले असेल, ते काढून केवळ कीबोर्ड, माउस आणि पेन ड्राइव्ह ठेवावा. मोबाईल मात्र हाताशी असू द्यावा, कारण एररचा पडदा दिसताक्षणी त्याचा फोटो काढणे ही या सर्व कामातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सवय आहे.

पेन ड्राइव्ह किमान ८ जीबीचा असावा आणि तो मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनेच तयार करावा, असे मी सुचवेन. आयएसओ, म्हणजे विंडोजचा सर्व मजकूर एकत्र असलेली फाईल, उघडून तिच्यातील सर्व काही पेन ड्राइव्हवर कॉपी करण्याचा मार्ग वरवर सोपा दिसतो, पण त्यात एक खोच आहे. यूईएफआय या बायोसच्या नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या संगणकांना पेन ड्राइव्ह सहसा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो, त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही, आणि आयएसओमधील इन्स्टॉल डॉट विम ही मुख्य फाईल अलीकडे त्याहून मोठी असते. कॉपी करताना आलेली सूचना दुर्लक्षून पुढे गेलेल्या माणसाला मग तासाभराने ‘आवश्यक फाईल सापडत नाही’ असा संदेश भेटतो. रुफस हे मोफत साधनही चांगले आहे, मात्र त्यात जीपीटी (पार्टिशनांची नोंद ठेवण्याची नवी पद्धत) आणि यूईएफआय हा पर्याय निवडला आहे, याची खात्री करावी. आयएसओ वेगळी उतरवली असेल तर तिची एसएचए२५६ बेरीज (फाईलची ओळख पटवणारा लांब आकडा) विंडोजच्या सर्टयूटिल या आज्ञेने काढून मायक्रोसॉफ्टच्या पानावर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावी. दोन मिनिटांच्या या कामाने अर्धवट उतरलेली फाईल तिथेच पकडली जाते. मित्राकडून आलेली, कोणीतरी ‘हलकी’ केलेली आयएसओ वापरू नये. तिच्यातून काय काढले आणि काय घातले आहे, हे कोणालाच ठाऊक नसते.

पेन ड्राइव्हवरून संगणक सुरूच होत नाही

संगणक चालू करताच बूट मेन्यूची कळ वारंवार दाबावी. डेल, लेनोवो आणि गिगाबाइट यांच्याकडे ही कळ बहुधा एफ१२, एचपीकडे एफ९, एमएसआयकडे एफ११, तर असूसच्या मदरबोर्डवर एफ८ असते. यादीत पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्या नावापुढे यूईएफआय लिहिले आहे, तो पर्याय घ्यावा; येथे चुकीची ओळ निवडली तर त्याचा त्रास पुढे डिस्क निवडताना होतो, आणि तोवर ही निवड कोणाच्या लक्षातही राहिलेली नसते.

यादीत पेन ड्राइव्ह दिसतच नसेल तर तो दुसऱ्या पोर्टमध्ये लावावा, डेस्कटॉप असल्यास पुढच्या पोर्टऐवजी मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये. तरीही दिसला नाही तर बायोसमध्ये यूएसबी बूट बंद केलेले आहे का, ते पाहावे. पेन ड्राइव्ह दिसतो पण सिक्युअर बूटचा, म्हणजे फक्त खात्रीच्या सॉफ्टवेअरनेच संगणक सुरू होऊ देणाऱ्या व्यवस्थेचा, इशारा येऊन काम थांबते, असे झाले तर पेन ड्राइव्ह बनवण्याच्या पद्धतीत गफलत आहे असे समजून तो मायक्रोसॉफ्टच्या साधनाने पुन्हा तयार करावा. सिक्युअर बूट कायमचे बंद करून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

‘हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही’

या संदेशाने घाबरून लगेच नवा संगणक घेण्याचा विचार करू नये. विंडोज ११ ला ६४ बिटचा, किमान दोन कोअरचा मान्यताप्राप्त प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट करू शकणारे यूईएफआय आणि टीपीएम २.० ही किल्ल्या जपणारी सुरक्षा व्यवस्था लागते. इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका आणि त्यापुढील बहुतेक प्रोसेसर मान्य यादीत आहेत. अशा संगणकांत टीपीएम बहुधा असतेच, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. इंटेलच्या मदरबोर्डवर ते पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या मदरबोर्डवर एफटीपीएम या नावाने सापडते. ते चालू करून, बदल जतन करून पुन्हा सुरुवात करावी.

सिक्युअर बूटसाठी सीएसएम हा जुनी पद्धत चालवणारा पर्याय बंद करावा लागतो. मात्र येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. डेस्कटॉपमध्ये फार जुने ग्राफिक्स कार्ड असेल आणि त्याला यूईएफआयची ओळख नसेल, तर सीएसएम बंद करताच पडदा काळाच राहतो आणि संगणक बिघडला असे वाटू लागते. अशा वेळी मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या स्वतःच्या पोर्टला लावून पाहावी, अथवा बायोस मूळ स्थितीत आणण्यासाठी, वीजपुरवठा पूर्ण तोडून, मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल काही मिनिटे काढून ठेवावा.

प्रोसेसरच यादीत नसेल तर तपासणी चुकवून विंडोज टाकण्याच्या युक्त्या सर्वत्र सापडतात. घरातल्या ज्या एकमेव संगणकावर मुलांचा अभ्यास आणि बँकेचे व्यवहार चालतात, त्यावर या युक्त्या करू नयेत असे माझे मत आहे, कारण असमर्थित संगणकाला अद्यतने मिळतीलच, अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

डिस्क निवडण्याचा टप्पा

सर्वाधिक गोंधळ येथे होतो आणि माहिती गमावण्याचा धोकाही येथेच सर्वांत मोठा असतो, म्हणून या टप्प्यावर थोडे थांबून विचार करावा.

पहिली शक्यता अशी की डिस्कची यादी पूर्ण रिकामी दिसते. लॅपटॉप इंटेलच्या अकराव्या किंवा त्यापुढील पिढीचा असेल तर एसएसडी खराब झाल्याचा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. या संगणकांत एसएसडी हाताळणारी व्हीएमडी नावाची व्यवस्था बऱ्याचदा चालू असते आणि तिचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) विंडोजच्या पेन ड्राइव्हवर असतोच असे नाही. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी हा ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावर उतरवावा, त्याची ईएक्सई फाईल तशीच न ठेवता ती उलगडून आतील आयएनएफ फाइलींचा फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवावा आणि यादीच्या पडद्यावरील ‘लोड ड्रायव्हर’ या बटणाने तो फोल्डर दाखवावा. डिस्क लगेच दिसू लागते. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते, पण जुने विंडोज ठेवायचे असेल तर ते त्यानंतर सुरू होणार नाही, हे ध्यानात ठेवावे.

डेस्कटॉपवर यादी रिकामी असेल तर बायोसमध्ये तरी डिस्क दिसते का, ते पाहावे. तिथेही नसेल तर वीज पूर्ण बंद करून डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलची दोन्ही टोके घट्ट बसवावीत, शक्य असल्यास केबलच बदलावी. शंभर-दीडशे रुपयांच्या केबलपायी चांगली डिस्क भंगारात गेल्याचे मी पाहिले आहे.

दुसरी शक्यता म्हणजे डिस्क दिसते, पण तिच्यावर एमबीआर पार्टिशन तक्ता असून ईएफआय संगणकावर विंडोज केवळ जीपीटी डिस्कवर टाकता येते, असा संदेश येतो. याचा अर्थ डिस्क खराब आहे असा नसून, पार्टिशनांची नोंद ठेवण्याची तिची पद्धत जुनी आहे इतकाच आहे. या जुन्या पद्धतीत २ टीबीपुढची जागा वापरता येत नाही आणि मुख्य पार्टिशनेही चारच करता येतात. डिस्कवरील काहीही नको असेल तर सरळ उपाय असा. शिफ्ट आणि एफ१० या कळा एकत्र दाबाव्यात. काही लॅपटॉपवर त्यांच्या जोडीने एफएन कळही दाबावी लागते. काळी खिडकी उघडल्यावर पुढील आज्ञा एकेक करून द्याव्यात.

डिस्कपार्ट
लिस्ट डिस्क
सिलेक्ट डिस्क आणि पुढे डिस्कचा क्रमांक
क्लीन
कन्व्हर्ट जीपीटी

यांतील ‘क्लीन’ ही आज्ञा ‘नक्की पुसायचे का’ असे विचारत नाही. ती एका पार्टिशनचा नव्हे, तर संपूर्ण डिस्कचा नकाशा क्षणात पुसते. विंडोजची डिस्क नेहमी शून्य क्रमांकाचीच असते, हा समजही चुकीचा आहे. दोन डिस्क असलेल्या संगणकात क्रमांक उलटे असू शकतात. म्हणून यादीतील आकारमान वाचूनच क्रमांक ठरवावा, आणि त्याहून सुरक्षित म्हणजे नको असलेली डिस्क या कामापुरती केबल काढून बाजूला ठेवावी. त्याचा आणखी एक फायदा होतो. ‘निवडलेल्या ठिकाणी विंडोज टाकता येत नाही’ हा ०एक्स८०३०००२४ क्रमांकाचा एरर दुसरी डिस्क जोडलेली असल्यामुळेही येतो, आणि ती काढताच नाहीसा होतो.

माहिती जपून पद्धत बदलायची असेल तर एमबीआर२जीपीटी हे विंडोजसोबतच येणारे साधन वापरावे. आधी ‘व्हॅलिडेट’ आणि ते यशस्वी झाले तरच ‘कन्व्हर्ट’, असा क्रम ठेवावा. डिस्कवर चार मुख्य पार्टिशने असतील तर ते नकार देते, कारण नव्या ईएफआय पार्टिशनसाठी त्याला जागा हवी असते.

एखाद्याने बॅकअप घेतलाच नसेल आणि जुने विंडोजही सुरू होत नसेल, तर त्याच काळ्या खिडकीत ‘नोटपॅड’ असे लिहावे. नोटपॅडच्या ‘ओपन’ खिडकीत फाइलींचा प्रकार ‘ऑल फाइल्स’ केला की सर्व ड्राइव्ह दिसतात आणि तिथूनच उजव्या क्लिकने फोल्डर कॉपी करून दुसऱ्या पेन ड्राइव्हवर चिकटवता येतात. डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर अर्थातच हा मार्ग चालणार नाही.

‘नवे पार्टिशन तयार करता आले नाही’ या संदेशावर जुनी सर्व पार्टिशने पुसून, उरलेली मोकळी जागा तशीच निवडून पुढे जावे. आपण स्वतः पार्टिशने पाडत बसण्याची गरज नसते. ईएफआय आणि रिकव्हरीची छोटी पार्टिशने विंडोज आपली आपण करते. आणि ‘आवश्यक मीडिया ड्रायव्हर सापडत नाही’ असा संदेश आला तर ड्रायव्हर शोधण्याआधी पेन ड्राइव्ह काढून दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहावा. या संदेशाचे नाव एक आणि कारण भलतेच असते.

फाइली उतरताना मध्येच थांबणे

टक्केवारी चढत असताना ०एक्स८००७०५७० किंवा ०एक्स८००७०२५डी असा एरर आला तर पहिल्याचा अर्थ ‘फाईल खराब आहे किंवा वाचता येत नाही’ असा आणि दुसऱ्याचा ‘उलगडायच्या मजकुरात गफलत आहे’ असा असतो. ०एक्स८००७००१७ हा वाचलेल्या मजकुराची पडताळणी चुकल्याचा एरर आहे. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट असते: पेन ड्राइव्हवरून निघालेली फाईल डिस्कवर पोचेपर्यंत वाटेत बिघडली. ही वाट पेन ड्राइव्ह, यूएसबी पोर्ट, रॅम, केबल आणि डिस्क अशी आहे, आणि तपासणीही त्याच क्रमाने करावी, कारण हाच क्रम ढोबळमानाने सोप्याकडून खर्चिकाकडे जातो.

माझ्या मावसभावाच्या असेंबल केलेल्या पीसीवर आम्ही हा क्रम पाळला नाही. ०एक्स८००७०५७० आला, पेन ड्राइव्ह बदलला, पुन्हा आला. मग जुन्या डिस्कवर संशय घेऊन त्याने नवी एसएसडी आणली आणि तिच्यावरही तोच एरर आला. एक गोष्ट आम्ही पाहत होतो पण वाचत नव्हतो: पहिल्या वेळी काम १८ टक्क्यांवर थांबले होते, दुसऱ्या वेळी ६० च्या पुढे, तिसऱ्या वेळी ४० च्या आसपास. दर वेळी एकाच टक्क्यावर थांबत असेल तर पेन ड्राइव्हवरची किंवा मुळातल्या आयएसओमधली ठरावीक फाईल खराब असण्याची शक्यता मोठी. थांबण्याची जागा दर वेळी बदलत असेल तर रॅम किंवा केबल पाहावी. त्याच्या पीसीतील रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली आणि विंडोज पहिल्याच प्रयत्नात उतरले.

रॅम तपासण्याचा घरगुती मार्ग हाच आहे. वीज बंद करून एक पट्टी काढावी, एकीवर प्रयत्न करावा, मग दुसरीवर. पट्टीचे सोनेरी टोक कोरड्या, मऊ खोडरबराने हलकेच पुसून घट्ट बसवल्यानेही काही वेळा दोष जातो. एकच पट्टी असेल तर मेमटेस्ट८६ हे साधन दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेऊन किमान एक पूर्ण फेरी चालवावी. त्यात एकही लाल ओळ आली तरी ती रॅम विश्वासाची नाही. बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवणारे एक्सएमपी चालू असेल तर ते इन्स्टॉल पूर्ण होईपर्यंत बंद ठेवावे. रॅम निर्दोष निघाली तर डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून क्रिस्टलडिस्कइन्फो या साधनात तिची प्रकृती पाहावी.

एरर न येता टक्केवारी नुसतीच गोठली असेल तर जुन्या हार्ड डिस्कवर तरी अर्धा-पाऊण तास वाट पाहावी. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर काम चालू आहे.

रीस्टार्ट झाल्यानंतर

फाइली उतरून संगणक पुन्हा सुरू झाला आणि पहिल्यापासून भाषा विचारू लागला, तर तो बिघाड नसून संगणक परत पेन ड्राइव्हवरूनच सुरू झाला आहे. पेन ड्राइव्ह काढून रीस्टार्ट करावे. उपकरणे तयार करण्याच्या टप्प्यावर वारंवार रीस्टार्ट होत असेल तर मात्र बायोसची नवी आवृत्ती आली आहे का ते पाहावे आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड किंवा वायफाय कार्ड तात्पुरते काढून पुन्हा प्रयत्न करावा.

येथवर कारण सापडले नसेल तर लॉग, म्हणजे विंडोजने ठेवलेली कामाची नोंद, वाचण्याची वेळ आली असे समजावे. शिफ्ट आणि एफ१० दाबून नोटपॅड उघडावे आणि एक्स किंवा सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरातील पँथर या फोल्डरात सेटअपएर नावाची लॉग फाईल पाहावी. ती वरून नव्हे, तर खालून वाचावी. शेवटच्या दहा-वीस ओळींत बहुधा एखाद्या ड्रायव्हरचे किंवा फाईलचे नाव असते.

शेवटच्या टप्प्यात होम आवृत्ती इंटरनेट मागते आणि नेमका वायफायचा ड्रायव्हरच नसतो. राउटरपासून लॅनची तार ओढणे शक्य नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून त्यावर यूएसबी टेदरिंग चालू करावे. विंडोजला ते तारेचे नेटवर्क म्हणून दिसते आणि काम पुढे सरकते. नेट जोडलेले असूनही खाते उघडत नसेल तर बायोसमधील तारीख पाहावी. सेल संपलेल्या जुन्या पीसीत ती अनेक वर्षे मागे गेलेली असते आणि चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित जोडणी नाकारली जाते.

प्रॉडक्ट की विचारली आणि संगणकावर आधी सक्रिय विंडोज होते, तर ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय निवडून पूर्वीचीच आवृत्ती, म्हणजे होम असल्यास होम आणि प्रो असल्यास प्रो, घ्यावी. परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्याने नेट मिळताच ते आपोआप सक्रिय होते.

जुन्या विंडोजवर अपग्रेड करताना

येथे ०एक्ससी१९००१०१ हा क्रमांक सर्वाधिक भेटतो आणि तो जवळजवळ नेहमी ड्रायव्हरकडे बोट दाखवतो. विंडोज स्वतःच जुन्या स्थितीत परतते, त्यामुळे माहिती सहसा सुरक्षित असते. बाहेरचा अँटिव्हायरस पूर्ण काढून टाकावा, अनावश्यक यूएसबी उपकरणे सोडवावीत, ग्राफिक्स आणि साटा यांचे ड्रायव्हर अद्ययावत करावेत आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. ०एक्स८००७००७० हा केवळ जागा कमी असल्याचा एरर आहे; सी ड्राइव्हवर निदान २५-३० जीबी मोकळे करावेत. दोनदा प्रयत्न करूनही ०एक्ससी१९००१०१ जात नसेल तर तिसऱ्यांदा तेच करत बसण्यापेक्षा बॅकअप घेऊन वर सांगितल्याप्रमाणे कोऱ्या डिस्कवर सुरुवात करणे कमी वेळाचे ठरते.